खुनी कोण ते आधीच ठाऊक आहे!

"वीकेंडला वाचायला एखादं जबरी पुस्तक सांग ना," असं कोणी विचारलं की माझं उत्तर गेली कित्येक वर्षं ठरलेलं आहे. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही कादंबरी. विचारणारा रहस्यकथांचा किडा असो किंवा 'मी फक्त नॉन-फिक्शन वाचतो' छाप माणूस असो, उत्तर बदलत नाही. काही जण लगेच तोंड वाकडं करतात. "जपानी? नको रे, ती नावं लक्षात राहत नाहीत." बरोबर आहे, पण इथे पात्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यातली खरी महत्त्वाची फक्त चार. स्टॅंडअप मीटिंगमध्ये आपण याहून जास्त नावं रोज लक्षात ठेवतो :)

तर मंडळी, आज या पुस्तकाची वकिली करायची आहे. शेवट अजिबात फोडणार नाही, शब्द देतो. पहिल्या पन्नासेक पानांत जे घडतं तेवढंच सांगतो.

टोकियोत सुमिदा नदीच्या जवळ एक जुनी, साधीशी चाळवजा इमारत आहे. तिथे यासुको हानाओका आणि तिची शाळकरी मुलगी मिसातो राहतात. यासुको आधी एका नाइट क्लबमध्ये काम करायची. आता ते सगळं सोडून एका छोट्या दुकानात बेंतो, म्हणजे जपानी जेवणाचे डबे, विकते. शेजारच्या खोलीत इशिगामी नावाचा गणिताचा शिक्षक राहतो. जाडजूड, गोल चेहऱ्याचा, अबोल, एकटा. रोज सकाळी तो तिच्या दुकानातून डबा घेतो आणि शाळेत जातो. यापलीकडे त्यांच्यात धड बोलणंसुद्धा नाही.

एके दिवशी यासुकोचा आधीचा नवरा तोगाशी तिला शोधत येतो. हा माणूस म्हणजे साडेसाती. पैसे उकळणारा, मारझोड करणारा, घर बदललं तरी माग काढत येणारा. त्या संध्याकाळी तो घरात घुसतो, झटापट होते आणि मायलेकींच्या हातून तो मारला जातो. दोघी सुन्न होऊन प्रेताशेजारी बसल्या असताना दारावर टकटक होते. शेजारचे मास्तर! भिंती पातळ आहेत, त्यांना सगळं कळलेलं आहे. आणि ते शांतपणे म्हणतात की पुढचं माझ्यावर सोडा.

झालं. खून कोणी केला, कसा केला, का केला, सगळं आपल्या डोळ्यांदेखत झालं. अजून तीन चतुर्थांशाहून जास्त पुस्तक शिल्लक आहे. मग उरलं काय?

उरलं ते असं. नदीकाठी एक प्रेत सापडतं. पोलीस तपास करत यासुकोपर्यंत पोचतात. मायलेकी सांगतात की आम्ही सिनेमाला गेलो होतो, मग रामेन खाल्लं, मग कॅरिओकेला गेलो. पोलीस तपासतात. थेटरची तिकिटं आहेत. बाकीचंही जुळतंय. कुसानागी नावाच्या डिटेक्टिव्हला आतून वाटतंय की काहीतरी गडबड आहे, पण त्याला भिंतीत एक फट सापडत नाही. आणि गंमत म्हणजे वाचकालाही सापडत नाही! खून आपण पाहिलाय, खुनी कोण ते ठाऊक आहे, आणि तरी ही ॲलिबाय तुटत का नाही हे कळत नाही. त्या इशिगामीने नेमकं केलं तरी काय? हा एक प्रश्न डोक्यात भुंग्यासारखा बसतो आणि पुस्तक खाली ठेवू देत नाही.

गुन्हेगार आधी दाखवायचा आणि मग त्याच्याभोवती फास कसा आवळत जातो ते सांगायचं, हा प्रकार तसा जुना. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने 1912 साली 'द सिंगिंग बोन' या कथासंग्रहात तो वापरला. 'कोलंबो' ही अमेरिकन मालिका तर पूर्ण याच पायावर उभी होती. पण तिथे आपण खुर्चीत रेलून डिटेक्टिव्हची हुशारी बघत असतो. हिगाशिनो एक पायरी पुढे जातो. तो सगळं उघड करतो असं वाटत असताना एक गोष्ट राखून ठेवतो. तीही लपवून नाही, तुमच्या नाकासमोर! पुस्तक संपल्यावर मागे जाऊन तपासा, लेखक एकदाही खोटं बोललेला नाही. जे काही खोटं आहे ते आपणच आपल्या मनाशी गृहीत धरलेलं असतं. वाचकाशी हा खेळ न्यायाचा आहे की नाही, यावर जपानमधल्या रहस्यकथाकारांत आणि समीक्षकांत चांगलाच वाद रंगला होता. माझं मत विचाराल तर शंभर टक्के न्यायाचा. टेस्ट केसेस सगळ्या दिल्या होत्या, आपण चालवून बघितल्या नाहीत तर तो प्रोग्रॅमरचा दोष नाही.

आता वातावरणाबद्दल. गूढ वातावरण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? धुकं, पडका वाडा, कुत्र्याचं रडणं, मिणमिणता कंदील. नारायण धारप वाचत मोठे झालेल्या आपल्या मनात ते घट्ट बसलेलं आहे. या पुस्तकात त्यातलं काहीही नाही. हे टोकियो म्हणजे पोस्टकार्डावरचं झगमगतं टोकियोसुद्धा नाही. थंडी अजून न सरलेला मार्च महिना. नदीवरचे पूल, पाण्याच्या कडेने जाणारी पायवाट. तिथे निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या बांधून राहणारी बेघर माणसं. त्यांतला एक जण रोज ठरल्या वेळी रिकामे कॅन चेपत बसलेला. इशिगामी रोज सकाळी ठरल्या मिनिटाला घरातून निघतो, या सगळ्यांच्या समोरून जातो, डबा घेतो, शाळेत पोचतो. रोज तेच. संध्याकाळी घराबाहेर पडून सार्वजनिक फोनवरून यासुकोला एक फोन. तोही रोज, ठरल्या वेळी.

बस्स, एवढंच. पण या रोजच्या रोजमधूनच एक वेगळी भीती तयार होते. रक्त, किंकाळ्या, अंधार यांनी वाटते ती भीती पान उलटलं की जाते. इथली भीती वेगळी आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारा, लिफ्टमध्ये मान हलवून 'गुड मॉर्निंग' म्हणणारा माणूस मनात काय घेऊन जगतोय हे आपल्याला ठाऊक नसतं, ही ती भीती. हिंजवडी, पवई किंवा बंगळुरात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या शेजाऱ्याचं पूर्ण नाव सांगता येतंय का बघा जरा.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. या कादंबरीत गणित शोभेला ठेवलेलं नाही, ते कथेचा कणा आहे. इशिगामी हा मुळात जबरदस्त बुद्धीचा गणिती. कॉलेजात असताना तो चार रंगांच्या प्रमेयाच्या मागे लागला होता. कोणताही नकाशा घ्या, शेजारशेजारच्या प्रदेशांना एकच रंग येऊ न देता तो फक्त चार रंगांत रंगवता येतो, हे ते प्रमेय. अपेल आणि हाकेन यांनी 1976 साली कॉम्प्युटरला असंख्य शक्यता तपासायला लावून ते सिद्ध केलं. इशिगामीला ती सिद्धता पटत नाही. चूक आहे म्हणून नव्हे, सुंदर नाही म्हणून! ब्रूट फोर्सने चालणारा कोड बघून ज्यांच्या पोटात ढवळतं त्या सगळ्यांना हा माणूस तिथेच आपला वाटायला लागतो.

त्याच्यासमोर येतो युकावा. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, डिटेक्टिव्ह कुसानागीचा मित्र, आणि इशिगामीचा कॉलेजातला जुना ओळखीचा. पोलीस त्याला गमतीने गॅलिलिओ म्हणतात. बऱ्याच वर्षांनी दोघं भेटतात. युकावा एक गणिती लेख सोबत घेऊन येतो आणि इशिगामी त्यातली चूक शोधण्यात रात्र घालवतो. दोन एकटे हुशार लोक एका खोलीत बसून काही न बोलता खूश आहेत, असा तो प्रसंग आहे. मला तो पूर्ण पुस्तकातला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. आणि त्यातच पुढच्या दुःखाचं बी आहे, कारण इशिगामीला खऱ्या अर्थाने ओळखणारा जगात एकच माणूस आहे आणि त्याला पकडू शकणाराही तोच.

दोघांच्या बोलण्यात पी आणि एनपीचा प्रश्न येतो. कम्प्युटर सायन्सवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. एखादं अवघड सुडोकू सोडवायला तास लागतो, पण कोणी सोडवलेलं बरोबर आहे का ते तपासायला मिनिट पुरतं. मग ज्यांचं उत्तर झटपट तपासता येतं ते सगळे प्रश्न झटपट सोडवताही येतात का? स्टीफन कुकने 1971 साली हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला, 2000 साली क्ले इन्स्टिट्यूटने त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, आणि तो अजून सुटलेला नाही. कादंबरीत हा प्रश्न गुन्ह्याच्या तपासाला लावलेला आहे. उत्तर स्वतः शोधणं अवघड, की दुसऱ्याने हातात दिलेलं उत्तर खरं की खोटं ते ओळखणं अवघड? पोलिसांच्या हातात कोणीतरी एक उत्तर ठेवलंय. ते तपासतायत. तपासायची पद्धत चोख आहे. पण...

असो. याच्या पुढे लिहिलं तर शब्द मोडेल. एवढंच सांगतो की इशिगामी परीक्षेचे पेपर कसे काढतो याबद्दल एक छोटासा उल्लेख आहे. दिसायला भूमितीचा प्रश्न, प्रत्यक्षात बीजगणिताचा. तो उल्लेख विसरू नका.

लेखकाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आपल्यातलाच आहे. हिगाशिनोचा जन्म 1958 सालचा, ओसाकाचा. शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगचं. नोकरी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या देन्सो कंपनीत, इंजिनियर म्हणून. नोकरी सांभाळून तो कादंबऱ्या लिहीत राहिला. 1985 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या 'हौकागो' या कादंबरीला एडोगावा राम्पो पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर त्याने नोकरीला रामराम ठोकून पूर्ण वेळ लेखन सुरू केलं. (राम्पो हे जपानी रहस्यकथेचं मोठं नाव. 'एडोगावा राम्पो' भरभर म्हणून बघा, 'एडगर ॲलन पो' ऐकू येईल!) पण सरळ यश मिळालं असं नाही. मानाच्या नाओकी पुरस्कारासाठी त्याचं नाव पाच वेळा यादीत येऊन हुकलं. सहाव्या वेळी, 2006 च्या जानेवारीत, तो मिळाला. तो याच कादंबरीसाठी. मूळ जपानी पुस्तक 2005 चं, अलेक्झांडर स्मिथने केलेला इंग्रजी अनुवाद 2011 चा. ज्यांच्या ड्रॉवरमध्ये अर्धवट कादंबरी पडून आहे त्यांनी ही माहिती चिकटवून ठेवावी.

पुस्तकात काही खटकत नाही का? खटकतं की. इंग्रजी अनुवादाची भाषा साधी, काही ठिकाणी कोरडी आहे. सुंदर वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा मारायची सवय असेल तर पेन्सिल तशीच राहील. मधल्या भागात पोलीस तेच तेच प्रश्न विचारत फिरतात तिथे गाडी जरा रेंगाळते. आणि यासुको हे पात्र मला अपुरं वाटतं. ती बराच वेळ फक्त घाबरते आणि सांगितलेलं करते. अर्थात, याला दुसरी बाजू आहे आणि तिथेच माझं या पुस्तकाबद्दलचं खरं म्हणणं येतं.

हे पुस्तक वाचलेले बहुतेक लोक म्हणतात, काय प्रेम केलंय राव त्या मास्तराने! काही मागितलं नाही, काही अपेक्षा नाही, स्वतःला पूर्ण वाहून घेतलं. नावातच ते आहे. मूळ जपानी नावातला शब्द आहे 'केनशिन', आणि त्यातल्या दोन चिन्हांचा शब्दशः अर्थ देह अर्पण करणं. मला मात्र दर वेळी हे पुस्तक वाचताना एकच प्रश्न पडतो. यासुकोला कोणी विचारलं का?

नीट बघा. तोगाशी तिच्या आयुष्यात जबरदस्तीने घुसायचा. इशिगामी मदत घेऊन आला. पण त्या रात्रीपासून ती कधी काय बोलणार, पोलिसांना काय सांगणार, हे सगळं शेजारच्या खोलीतून ठरायला लागलं. पुढे कुदो नावाचा एक सभ्य, जुना ओळखीचा माणूस तिला भेटायला लागतो, आणि तिला जेवायला जायचीसुद्धा धास्ती वाटते. शेजाऱ्याला कळलं तर? एका माणसाच्या मारापासून सुटून दुसऱ्याच्या उपकाराखाली दबणं, याला सुटका म्हणायचं का? मार दाखवता तरी येतो. उपकाराचे वळ कुठे दाखवणार? यासुकोला हे स्वतःला जाणवतं आणि लेखकाने ते स्पष्ट लिहिलंय, पण आपण मास्तराच्या हुशारीने इतके दिपलेलो असतो की ती पानं पटकन उलटतो.

आपल्याकडे तर एकतर्फी प्रेमाला देव्हाऱ्यात बसवायची जुनी खोड आहे. हिरो हातावर नाव कोरतो, पाठलाग करतो, शेवटी जीव देतो, आणि थेटरात आपण डोळे पुसतो. ज्या बाईसाठी हे चाललंय तिला ते हवं होतं का, हा प्रश्न पटकथेत नसतो. हिगाशिनो तो प्रश्न मोठ्याने विचारत नाही, पण शेवटी यासुको जे करते त्यातून तो समोर येतोच. शेवटच्या पानावर जो आवाज उठतो तो नुसत्या प्रेमाचा आहे असं मला वाटत नाही. स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायचा हक्क एका बाईने परत घेतला, त्याचाही तो आवाज आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी आपल्यासारख्यांना थोडी टोचायला हवी. इशिगामी वाईट माणूस नाही. एक गाडीवेडा विद्यार्थी विचारतो की हे कॅल्क्युलस आम्हाला कशाला, तेव्हा तो रागावत नाही, मोटारसायकलच्या रेसचंच उदाहरण घेऊन समजावतो. आईवडिलांच्या आजारपणात त्याचं संशोधन सुटलंय आणि लक्ष न देणाऱ्या मुलांपुढे रोज फळ्यावर गणितं मांडण्यात त्याचं आयुष्य चाललंय. त्याची कणव येते. पण अवघड प्रश्न सुटतोय या नशेत तो उत्तरात काय काय वापरतोय याचा हिशोब ठेवत नाही. की ठेवतो, आणि तरीही पुढे जातो? आपणही दिवसभर कंस्ट्रेंट आणि ऑप्टिमायझेशनच्या भाषेत बोलतो, माणसांना 'रिसोर्स' म्हणतो, आणि एक्सेल शीटमधली एक ओळ उडवली की गणित जुळतं म्हणून खूश होतो. समीकरण सुंदर सुटलं म्हणजे ते बरोबर झालं, असं नसतं. हे मला कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकापेक्षा या रहस्यकथेने जास्त नीट सांगितलं. शेवट वाचलात की मी काय म्हणतोय ते लख्ख कळेल, आणि त्या रात्री झोप लागायला वेळ लागेल.

म्हणून 'रहस्यकथाच तर आहे' असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. बाबूराव अर्नाळकरांपासून सुहास शिरवळकरांपर्यंत आपण रहस्यकथा पोटभर वाचल्या, लायब्ररीत त्यांच्यासाठी नंबर लावले, पण चारचौघांत 'काय वाचतोस' विचारल्यावर वेगळंच नाव सांगितलं. रहस्यकथा ही टाइमपास, साहित्य म्हणजे दुसरं काहीतरी, ही वाटणी कोणी केली? माणूस कुठवर जाऊ शकतो हे तपासायला गुन्ह्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. चांगला लेखक ती वापरतो, एवढंच.

सिनेमांबद्दल एक सूचना. या गोष्टीवर जपानमध्ये 2008 साली, कोरियात 2012 साली आणि चीनमध्ये 2017 साली चित्रपट आले. आपल्याकडे सुजॉय घोषने 2023 साली नेटफ्लिक्सवर 'जाने जान' आणला. टोकियोची नदी जाऊन कालिंपाँगचं धुकं आलं, आणि पोलीस व कॉलेजातला मित्र या दोघांचं मिळून विजय वर्माचं एकच पात्र झालं. जयदीप अहलावतने रंगवलेला गणिताचा मास्तर बघण्यासारखाच आहे, वादच नाही. पण आधी पुस्तक! रहस्य एकदाच फुटतं. ते पानावर फुटू द्या. आणि "अरे, हे तर 'दृश्यम'सारखं आहे" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. त्या साम्यावरून वाद झाला होता आणि 'दृश्यम'चा दिग्दर्शक जीतू जोसेफ याने उचलेगिरीचा आरोप फेटाळला होता. त्या वादात न पडता सांगतो, दोन्हींचं मर्म वेगळं आहे. तिकडे बाप कुटुंबाला वाचवतो. इकडे वाचवणारा परका आहे, आणि सगळी दुखरी नस तीच आहे.

वाचायचं कसं? शनिवारी सकाळी सुरू करा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका. विकिपीडियाच्या वाटेला तर जाऊच नका. पहिलं प्रकरण सावकाश वाचा, विशेषतः इशिगामीचं सकाळचं चालणं. संपल्यावर तेच प्रकरण पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा ती पाच-सहा पानं वेगळ्याच थंडीने वाचली जातात.

आवडलं तर याच लेखकाचं 'मॅलिस' घ्या. तिथे खून का केला हेच कोडं आहे. मोठा पल्ला मारायचा असेल तर 'जर्नी अंडर द मिडनाइट सन'. पण सुरुवात इथूनच करा. आणि संपवल्यावर एका प्रश्नाचं उत्तर द्या, मास्तराने जे केलं ते प्रेम होतं का? माझं उत्तर वर सांगितलंय. तुमचं वेगळं असेल तर चहा माझ्याकडून, निवांत भांडू.